काचेला तडा गेला म्हणून डिअर लॉजचा रँच गाळू नका

तुमची पोस्ट वाचली: सिएटलहून यलोस्टोनला निघालात, बरोबर आई-बाबा आहेत. मिझुलाच्या अलीकडे ट्रकच्या चाकाखालचा खडा उडाला आणि भाड्याच्या गाडीच्या समोरच्या काचेला टिकलीएवढा तडा गेला. आता कंपनी म्हणते 'जवळच्या ऑफिसात या', आणि त्यात वेळ जाणार म्हणून ग्रँट-कोर्स रँच (माँटॅनातल्या डिअर लॉज गावचा गुरं पाळायचा जुना रँच, आता सरकारी ऐतिहासिक स्थळ) गाळायचा विचार करताय. गाळू नका. याच रस्त्यावर, अगदी याच कारणाने आमचा निम्मा रँच बघायचा राहिला, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

कंपनीचं नाव घेत नाही. फोनवरच्या माणसाने 'जवळच्या शाखेत गाडी बदलून मिळेल' असं छातीठोकपणे सांगितलं. शाखेत गेलो तर काउंटरवरची बाई म्हणाली, तुमचा करार विमानतळाच्या शाखेशी आहे, आमची शाखा वेगळ्या मालकाची, आम्ही ही गाडी घेऊ शकत नाही, तुम्ही फोन करा. फोन केला तर पुन्हा 'काउंटरवर बोला'. मी तिच्या हातात फोन द्यायला गेलो, तिने घेतला नाही. आई-दादा (दादा म्हणजे माझे वडील) बाहेर उन्हात बाकावर बसलेले. दुपार उलटल्यावर कुठूनतरी वरिष्ठ आले आणि म्हणाले, तडा छोटा आहे, गाडी चालवा, परत करताना अर्ज भरा. हे वाक्य सकाळी फोनवर सांगता आलं असतं! रँचवर पोहोचलो तोवर रँचच्या मालकाच्या जुन्या घराची शेवटची फेरी निघून गेली होती. त्या घराच्या आत फक्त रेंजरबरोबरच (तिथला सरकारी कर्मचारी) जाता येतं. आईला ते घर बघायचं होतं, ती आता पुन्हा माँटॅनाला येईल असं वाटत नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं मत (मी विम्यातला जाणकार नाही, तुमचा करार वेगळा असू शकतो): तडा छोटा असेल, पसरत नसेल आणि चालकाच्या नजरेसमोर येत नसेल, तर ऑफिसच्या पायऱ्या चढूच नका. जवळ नाणं धरून काचेचे फोटो काढा, फोनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, आणि 'गाडी चालवायला हरकत नाही' हे ईमेलवर लेखी मागा. तोंडी शब्दाला काडीची किंमत नाही. परवानगीशिवाय बाहेर काच दुरुस्त करू नका, बहुतेक करारांत ते चालत नाही. तड्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा म्हणजे धूळ जाणार नाही, आणि तापलेल्या काचेवर एकदम गार एसी सोडू नका. तडा लांबत चालला असेल तर मात्र हे सगळं विसरा, गाडी थांबवा आणि रस्त्यावरची मदत मागवा. तिथे घाई नको.

आता रँच का सोडू नये ते. जॉनी ग्रँटने 1862 साली ते घर बांधलं. ओरेगॉनकडे निघालेल्या लोकांची चालून थकलेली गुरं घ्यायची, चारून धष्टपुष्ट करायची आणि पुढच्यांना दोन थकलेल्या गुरांच्या बदल्यात एक धष्टपुष्ट द्यायचं, हा त्याचा धंदा. 1866 मध्ये जर्मनीहून आलेल्या कॉनराड कोर्स या खाटकाने रँच विकत घेतला आणि पुढे त्याची गुरं साधारण 1 कोटी एकर मोकळ्या कुरणावर चरत होती. मग 1886-87 चा हिवाळा आला. आधीचा उन्हाळा कोरडा, गवत संपलेलं, त्यावर बर्फ. मध्येच तो वितळून पुन्हा गोठला, त्यामुळे गवतावर बर्फाचं कवच बसलं. गुरांना तोंड खुपसता येईना, उभ्या-उभ्या मेली.

रेंजर हे सांगत होता, मी दादांना मराठीत सांगत होतो. दादा सातारकडच्या दुष्काळी माण तालुक्यातले, दुष्काळात गुरं घेऊन चारा छावणीत राहिलेले. ते लगेच म्हणाले, "यांनी वैरण नव्हती का साठवली?" मी विचारलं. रेंजर म्हणाला, नव्हती, मोकळं कुरण म्हणजे वैरण लागतच नाही असा समज होता, आणि त्या हिवाळ्यानंतरच गवत कापून साठवणं हा धंद्याचा भाग झाला. कोर्स सावरला तो ब्यूट या माँटॅनातल्याच शहरातल्या ए. जे. डेव्हिस या बँकरने 1 लाख डॉलर कर्ज दिलं म्हणून. पुढे अंगणात गंजी रचायचं लाकडी घसरगुंडीसारखं यंत्र दिसलं. घोडे दोर ओढतात, गवत उतरणीवरून वर जातं आणि पलीकडे पडतं. दादा त्याच्या फळ्या हाताने चाचपत बराच वेळ उभे होते. गुरं जखडायचा खोडाही त्यांनी न सांगता ओळखला. आजही तिथे गुरं आहेत, नुसतं संग्रहालय नाही. तुमचे बाबा शेतकरी आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

एक गोष्ट बरेच जण विसरतात: लुकआउट पास या घाटात आयडाहो संपून माँटॅना लागतं तिथे घड्याळ एक तास पुढे जातं. सिएटलच्या वेळेवर राहिलात तर फेरी चुकेल. पोहोचल्या-पोहोचल्या आधी घराच्या फेरीचं विचारा, गुरं-घोडे नंतर. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, नॅशनल पार्क सर्व्हिसच्या (रँच सांभाळणारं सरकारी खातं) पानावर बघून घ्या. प्रवेशाला पैसे नाहीत. गाडीतळापासून थोडं चालावं लागतं, सावली कमी, आई-बाबांना टोप्या द्या.

वेळ वाचवायचाच असेल तर गावातलं जुन्या तुरुंगाचं संग्रहालय सोडा. काहींना ते आवडतं, पण वडीलधाऱ्यांना घेऊन तिथे तास घालवावा असं मला वाटत नाही. आणि कंपनीने लेखी द्यायला नकार दिला तर इथेच लिहा, मी आमच्या तक्रारीच्या ईमेलचा मजकूर देतो, नावं बदलून तसाच पाठवा.