नर्सिंग-फिजिओच्या मुलांना लाइफस्टाइल मेडिसिन कसं शिकवावं?

तुमचा प्रश्न असा, की स्लाइड लावली की मुलं झोपतात, काय करू? मी पुण्यात पीएसएम, म्हणजे प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवतो. त्या स्लाइडवर मीही झोपलो असतो. आहार, व्यायाम, झोप, ताण, व्यसन, माणसांचा सहवास हे लाइफस्टाइल मेडिसिनचे सहा खांब तासाभरात पाठ होतात, मार्कही मिळतात. गाडी अडते ओपीडीत.

माझ्या एका विद्यार्थिनीनं मधुमेहाच्या बाईंना सांगितलं, "भात बंद करा, रोज पाऊण तास चाला." बाई मावळातल्या, घरच्या इंद्रायणी तांदळाचा भात खाणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करत दिवसभर पायीच हिंडणाऱ्या. "बरं" म्हणून उठल्या, त्या पुन्हा आल्याच नाहीत. पोरीनं एकही प्रश्न विचारला नव्हता. मी शेजारीच उभा होतो, गप्प.

तेव्हापासून माझा पहिला तास मिठाच्या पुड्याचा. घरी किलोचा पुडा किती दिवस पुरतो आणि खाणारी तोंडं किती, एवढं विचारून यायचं. चौघांत महिनाभर पुरला तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर गेलं. जागतिक आरोग्य संघटना पाचच्या आत म्हणते. लोणचं, पापड, फरसाण यात धरलेलंच नाही. आईशी बोलताना प्रश्न कसा टाकायचा हेही मुलं आपोआप शिकतात. (वाद घालून येणारीही असतात.)

दुसऱ्या तासाला शिंप्याची टेप. आपल्याच पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २२.३, चरबी मात्र युडकिनना ९.१ टक्के, याज्ञिकांना २१.२. हे सांगून मग कंबर मोजायला लावतो. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० ही आपल्याकडची मर्यादा. वर्गातली काडीपैलवान पोरं तिथं गंभीर होतात. आकडा ज्याचा त्यानं वहीत ठेवायचा, मोठ्यानं वाचायचा नाही.

शेवटी प्रत्येकानं स्वतःची एक सवय दोन आठवडे बदलून बघायची. जमलं नाही तरी मार्क कापत नाही. हॉस्टेलचा एक मुलगा रात्री अकराला मोबाइल बंद करणार होता, तिसऱ्याच दिवशी हरला. त्याच आठवड्यात त्याच्यापुढं तंबाखू खाणारे रिक्षावाले काका आले. एरवी "सोडून द्या" म्हणून मोकळा झाला असता. या वेळी विचारलं, "काका, आधी कधी सोडून बघितली होती का?" काका स्टूल ओढून नीट बसले आणि वीस मिनिटं बोलत राहिले.