बी.ए. (इतिहास) करून आयआयएममध्ये प्रवेश मिळतो का? की इंजिनियर असावंच लागतं?

मिळतो. कॅटला, म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेश परीक्षेला, कुठल्याही शाखेची पदवी चालते, पदवीला खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ४५ लागतात. उलट बऱ्याच आयआयएम इंजिनियर नसलेल्यांना शॉर्टलिस्टमध्ये जादा गुण देतात, अहमदाबाद तर शाखेनुसार उमेदवारांचे गटच पाडतं. वर्गात सगळेच बी.टेक. नकोत म्हणून.

खरी मेख मार्कांत आहे. बऱ्याच ठिकाणी दहावी, बारावी आणि पदवीचे टक्के मोजले जातात. दहावीला ६२ असतील तर आता काही करता येत नाही, मग कॅटचा पर्सेंटाइल तेवढा वर काढावा लागतो. गणित सुटलेलं असेल तर क्वांटसाठी (कॅटमधला गणिताचा भाग) वेळ जास्त धरा. अंकगणित आधी पक्कं करा, पेपरात त्याचा वाटा मोठा असतो.

मुलाखतीत मात्र इतिहासच विचारतील. "१८१८ नंतर इंग्रजांनी पेशव्यांच्या मुलखात महसूल कसा गोळा केला?" यावर ततपप झालं तर जादा गुणांचा उपयोग शून्य. पदवीची पुस्तकं रद्दीत घालू नका.

मार्क फारच कमी असतील तर महाराष्ट्राची एमबीए सीईटी द्या. तिथे पात्रतेपुरते टक्के असले की कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीत गुणवत्ता यादी सीईटीच्या गुणांवर लागते. मुंबईतल्या जमनालाल बजाज आणि सिडनहॅमच्या व्यवस्थापन संस्था त्यातच येतात.