भाकरी-भात कमी केला तर शुगर उतरते का, आणि ताकद राहते का?

तुम्ही विचारलंय की वडिलांची शुगर वाढलीय, भाकरी-भात कमी केला तर उतरेल का आणि शेतात काम करायला ताकद राहील का. उतरते, माझी उतरली. पण गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय भाकरी कमी करू नका, हे पहिलंच सांगतो कारण माझ्या जिवावर बेतलं होतं.

मी लातूरकडचा, वय ५२, शुगर सहा वर्षांपासून. आमच्याकडं सगळ्यांचा समज असा की ज्वारीची भाकरी शुगरला चालते, कितीबी खा. मी दोन्ही टाइमाला तीन-तीन खायचो. एक दिवस एका भाकरीचं पीठ काट्यावर मोजलं तर ६० ग्रॅम भरलं, म्हणजे त्यात चाळीसेक ग्रॅम कार्ब्ज (म्हणजे स्टार्च-साखरेचा भाग), तीन भाकरीचे झाले सव्वाशे! ज्वारीत फायबर आहे हे खरं, पण स्टार्चची शेवटी साखरच होते ना. जेवल्यावर दोन तासांनी २६० यायची ती उगीच नाही.

मग एका टाइमाला एकच भाकरी, भात बंद, आणि ताटात मेथी नाहीतर अंबाडीची भाजी, दोन अंडी, दही, शेंगदाण्याची चटणी असं सुरू केलं आणि आकडा लगेच खाली आला, पण शुगरची ग्लिमेपिराइड नावाची गोळी मी तशीच घेत राहिलो. चौथ्या दिवशी तुरीची रास चालू होती, थंडीचे दिवस, आणि मला दरदरून घाम, हात थरथरायले, समोरचं पोतं दोन-दोन दिसायलं. पोरानं घरून मशीन आणून बघितलं तर ५८. बायकोनं तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तेव्हा ९० झाली होती. ती गोळी आपण जेवण कमी केलं तरी शुगर उतरवणारं इन्सुलिन बाहेर काढतच राहते, डॉक्टरनी मग अर्धी केली. नुसती मेटफॉर्मिन ही शुगरची दुसरी गोळी असेल तर असं सहसा होत नाही. पण इन्सुलिनचं इंजेक्शन असेल तर हाच धोका, आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर कार्ब्ज एकदम तोडणं लईच वाईट, रक्तात आम्ल वाढतं आणि शुगर नॉर्मल दिसते म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही.

ताकदीचं म्हणाल तर पहिले आठ-दहा दिवस पाय गळाल्यासारखे होतात, डोकं दुखतं. कार्ब्ज कमी खाल्ल्यानं इन्सुलिन कमी झालं की किडनी मीठ आणि पाणी बाहेर टाकते, लिव्हर-स्नायूतली साठवलेली साखर संपते आणि तिच्यासोबतचं पाणीबी जातं, म्हणून पहिल्या आठवड्यात दोन किलो घटले तर ती चरबी समजू नका. मला मीठ घातलेल्या ताकानं फरक पडला (वडिलांना बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ विचारूनच). नंतर मात्र दुपारी जेवल्यावर जी झापड यायची ती गेली. फक्त फवारणीचा १६ लिटरचा पंप पाठीवर घ्यायचा असेल त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खातो, जड कामाला स्नायूंना साखर लागतेच.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ८.९ चं ७.१ आलं. त्याच्या आधी ते तपासून उपयोग नाही, तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांनाच चिकटलेली साखर त्यात मोजतात.

आठवडाभर उपाशीपोटीची आणि जेवल्यावर दोन तासांची शुगर वहीत लिहा, ती वही आणि गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरला दाखवा, मगच भाकरी कमी करा. आणि शेतात जाताना त्यांच्या खिशात साखरेची पुडी देत जा, मी अजून नेतो.