चीनने युआन इतकी वर्षं स्वस्त कसा ठेवला? आयात शुल्क लावून अमेरिकेची व्यापारातली तूट भरून निघेल का?

नुसता फतवा काढून दर टिकत नाही, त्यासाठी रोज बाजारात उतरून डॉलर विकत घ्यावे लागतात. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २१ जुलै २००५ पर्यंत डॉलर जवळपास ८.२८ युआनवर बांधलेला होता. एका कारखानदाराच्या बिलावरून बघा.

समजा, खेळण्यांच्या ऑर्डरचे १० लाख डॉलर आले. बँकेने ते घेऊन मालकाला सुमारे ८२.८ लाख युआन दिले. ते डॉलर चीनच्या मध्यवर्ती बँकेने नवे युआन देऊन उचलले. तिने उचलले नसते तर डॉलर घसरला असता. तो ७ युआनवर आला असता, तर त्याच खेळण्यांचे ७० लाखच हाती पडले असते.

उचललेल्या डॉलरमधून मुख्यतः अमेरिकी सरकारचे रोखे घेतले गेले. म्हणजे माल विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाला उधारी दिली! २००७ मध्ये चीनची चालू खात्यावरची शिल्लक (म्हणजे मुख्यतः परदेशाशी व्यापारातून उरलेली रक्कम) जीडीपीच्या १० टक्क्यांच्या आसपास गेली. २०१४ च्या मध्यात परकीय चलनाची गंगाजळी ४ लाख कोटी डॉलरला टेकली होती.

खरी अडचण इथून पुढे आहे. एवढे नवे युआन बाजारात सोडले की महागाई भडकते. म्हणून ते परत शोषून घ्यायचे: बँकांना कमी व्याजाचे रोखे विकायचे आणि रोख राखीव प्रमाण (ठेवींचा जो हिस्सा बँकांना मध्यवर्ती बँकेकडे ठेवावा लागतो) वाढवायचं. २०११ च्या जूनमध्ये मोठ्या बँकांसाठी ते २१.५ टक्के होतं. (आपल्या रिझर्व्ह बँकेनेही याच कामासाठी २००४ मध्ये बाजार स्थिरीकरण योजना आणली. पण आपल्याकडचे डॉलर प्रामुख्याने परकीय गुंतवणुकीचे होते.)

बँकांचा एवढा पैसा अडकल्यावर त्यांचा नफा कुठून निघणार? ठेवीदाराच्या खिशातून. ठेवींच्या व्याजावर सरकारी मर्यादा होती, आणि पैसा देशाबाहेर न्यायची मोकळीक नव्हती. फेब्रुवारी २००८ मध्ये महागाई ८.७ टक्के होती आणि वर्षभराच्या ठेवीवर व्याज मिळत होतं ४.१४ टक्के. शिवाय स्वस्त युआनमुळे आयात महाग. २००० च्या सुमारास जीडीपीत घरगुती खर्चाचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर होता, तो २०१० पर्यंत ३५ च्या आसपास उतरला. निर्यातदाराला मिळालेली सवलत सामान्य कुटुंबांनी भरली. माझ्या मते या धोरणाचा सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग हाच आहे.

आता आयात शुल्काचं. चालू खात्याची शिल्लक म्हणजे देशाची एकूण बचत वजा गुंतवणूक. शुल्क एका देशाच्या मालावर बसतं आणि बचत-गुंतवणुकीतली दरी तशीच राहते, त्यामुळे तूट दार बदलते. अमेरिकेची चीनबरोबरची वस्तुव्यापारातली तूट २०१८ मध्ये ४२० अब्ज डॉलरच्या आसपास होती, ती २०२४ मध्ये ३०० अब्जांच्या खाली आली. त्याच काळात व्हिएतनाम आणि मेक्सिकोबरोबरची तूट फुगली, आणि अमेरिकेची एकूण तूट २०१८ पेक्षा मोठी झाली.