शेजाऱ्याची गार्डन रूम उंच वाटते? तक्रारीआधी टेप कुठून लावायची ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधलं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं घर. शेजाऱ्याने परवानगी न काढता कुंपणापासून अर्ध्या मीटरवर सपाट छताची गार्डन रूम, म्हणजे अंगणात घरापासून सुटी खोली, उभी केली. तुमच्या बाजूने मोजली तर ती २.८ मीटर भरते आणि तुमच्या पॅटिओवरचं सकाळचं ऊन गेलं. कौन्सिलला (स्थानिक पालिकेला) कळवावं का?

एवढ्यात नको. तो २.८ चा आकडा आधी तपासायला हवा. परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे अर्ज न करता, बांधायचं असेल आणि बांधकामाचा कुठलाही भाग हद्दीपासून २ मीटरच्या आत येत असेल, तर सगळ्याच बांधकामाला २.५ मीटरची मर्यादा लागते. पण ही उंची मोजतात बांधकामाला लागून असलेल्या सर्वांत उंच नैसर्गिक जमिनीपासून. तुमचं अंगण त्याच्या जमिनीपेक्षा ३० सेंटिमीटर खाली असेल, तर त्याची नियमात बसणारी भिंत तुमच्याकडून २.८ च दिसणार. हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण मोजणी अशीच होते. उलट त्याने भराव टाकून जमीन वर आणली असेल, तर ती वाढीव पातळी धरायची नाही.

नेहमीची गफलत खोलीच्या पायात होते. किट विकत घेताना उंची २.५ मीटर लिहिलेली असते, मग ते १५ सेंटिमीटरच्या काँक्रीट स्लॅबवर बसवलं जातं आणि उंची २.६५ होते. छताच्या कडेची पट्टीही उंचीत धरा. त्याच्या हद्दीत न विचारता पाऊल टाकू नका. लेझर लेव्हल घेऊन दोन्हीकडच्या जमिनीतला फरक काढा, किंवा सरळ त्याला सोबत मोजायला बोलवा.

उंची बसत असली तरी बाकीचं बघा. खोली घराच्या दर्शनी भिंतीच्या पुढे नको. मूळ घराची जागा सोडून उरलेल्या आवारातली निम्म्याहून जास्त जागा बांधकामांनी व्यापलेली नको, आणि यात जुनी शेड, घराला केलेली वाढीव बांधकामं, सगळं धरतात. वापर घराला पूरक हवा: जिम, छंद, कामाचं टेबल चालतं, स्वतंत्र बिऱ्हाड चालत नाही. घर लिस्टेड (वारसा म्हणून संरक्षित यादीतलं) असेल तर अर्ज न करता बांधायची ही सूटच मिळत नाही. आणि नवीन वसाहत असेल तर कौन्सिलच्या संकेतस्थळावर मूळ परवानगीतल्या अटी काढून वाचा. तिथे ही सूट काढून घेतलेली असू शकते. मालकाला बहुधा ते माहीतही नसतं, त्यामुळे मी तर उंचीच्या आधी हेच बघायला सांगेन.

समजा, खोली खरंच १५ सेंटिमीटर जास्त निघाली. नियमाप्रमाणे मग फक्त वरची पट्टी नाही, अख्खी खोली विनापरवाना ठरते. तरीही कौन्सिल लगेच पाडायला येत नाही. कारवाई करणं योग्य आहे का, हे ठरवायचा अधिकार तिचा आहे, आणि इतक्या फरकासाठी ती बहुतेक वेळा मागाहून अर्ज करायला सांगते किंवा फाइल बंद करते. अर्ज आलाच, तर हरकतीत तुमच्या घरावर पडणारी सावली, खिडकीतून डोकावणं, आवाज हे मुद्दे लिहा. घराची किंमत पडली किंवा दृश्य गेलं, हे विचारात घेत नाहीत.

उजेडाच्या हक्काची आशा धरू नका. तो २० वर्षं उजेड मिळालेल्या खिडकीसाठी असतो, पॅटिओला किंवा वाफ्यांना नसतो. त्यापेक्षा पन्हळ बघा. ती तुमच्या हद्दीवर आली असेल किंवा छताचं पाणी तुमच्याकडे पडत असेल, तर तो दिवाणी मामला आहे. कौन्सिल त्यात पडत नाही, पण तुमची बाजू तिथे भक्कम आहे. मात्र हद्द लँड रजिस्ट्रीच्या (सरकारी मालमत्ता नोंदणीच्या) नकाशावरून इंचात ठरवू नका. १:१२५० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर साठ सेंटिमीटरहून जास्त.

लेखी भांडण सुरू करण्याआधी आणखी एक विचार करा. घर विकताना विक्रेत्याने भरायच्या टीए६ फॉर्मवर शेजाऱ्यांशी झालेले वाद आणि तक्रारी सांगाव्या लागतात. म्हणून आधी त्याला लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम कायदेशीर असल्याचा कौन्सिलचा दाखला, काढायला सुचवा. खोली नियमात असेल तर त्यालाही विक्रीच्या वेळी कागद मिळतो, नसेल तर ते कौन्सिलच सांगेल. तो नाहीच म्हणाला, तर मोजमापं आणि तारखा असलेले फोटो घेऊन कौन्सिलच्या एन्फोर्समेंट (कारवाई) विभागाला लिहा. २५ एप्रिल २०२४ रोजी किंवा त्यानंतर पूर्ण झालेल्या बांधकामावर कारवाईची मुदत १० वर्षं आहे. त्याआधी पूर्ण झालेल्यांना जुनी ४ वर्षांचीच लागते, म्हणून खोली कधी पूर्ण झाली तेही पत्रात लिहा.