लघवी पाण्यासारखी स्वच्छ होते, तरी किडनीचा आजार असू शकतो का?

हो, असू शकतो. तुम्ही लिहिलंय की वडील साठीचे आहेत, रात्री तीन-चारदा उठतात, लघवी अगदी पाण्यासारखी होते, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा, रक्तात मोजतात) 'नॉर्मल' आलंय आणि घरातले म्हणतात लघवी स्वच्छ म्हणजे किडनी स्वच्छ. हे शेवटचं वाचलं आणि डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो. एरवी किडनीच्या प्रश्नांना मी हात लावत नाही, तिथे 'रोज पाच लिटर पाणी प्या' सांगणाऱ्यांची गर्दी असते.

मी जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यात लॅब चालवतो. माझे मामा, आम्ही त्यांना नाना म्हणतो, केळीचे बागाईतदार. वय तेव्हा ६२. गुडघे दुखायचे म्हणून वर्षानुवर्षं जेवणानंतर डायक्लोफिनॅक या पेनकिलरची गोळी. चिठ्ठी कोणाची नाही, कारण गोळी घरचीच. मामेभावाचं मेडिकल आहे. तो वडिलांना स्ट्रिपच्या स्ट्रिप आणून द्यायचा आणि वर म्हणायचा, बाप माझा आहे, मी काय वाईट देईन का.

मे महिना होता. आमच्याकडचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पारा ४५ ला टेकतो, दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नाही. अशा दिवसांत सकाळी लॅबला येणारी सॅम्पलं कडक चहाच्या रंगाची असतात, माणसं घामाने सुकलेली असतात म्हणून. त्यात नानांची बाटली आली. बिसलरीत भरून दिली असती तर कोणी ओळखली नसती. नानांना त्याचा अभिमान. म्हणाले, "दख भाचा, काचनागत साफ शे." मी विचारलं, नाना, रात्री पाणी किती प्यालात? "घोटभर बी नही. पानी पिधं का उठनं पडस."

इथेच खरं तर सगळं आलं. रात्रभर पाणी नाही, दिवसभर बागेत घाम गाळलेला, आणि सकाळची पहिली लघवी पाण्यासारखी. मी लघवीत बुडवायच्या रंगीत पट्टीवर विसंबलो नाही. डिस्टिल्ड वॉटरने शून्य लावून रिफ्रॅक्टोमीटर या मोजणीच्या यंत्रावर घेतलं. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे साध्या पाण्याच्या (१.०००) तुलनेत लघवी किती घट्ट, १.०१०. साखर नाही, अल्ब्युमिन हे प्रोटीन अगदी नावाला. नंतर वेगवेगळ्या दिवशी, सकाळ-संध्याकाळची सॅम्पलं मागवली. आकडा तिथेच, हलायला तयार नाही.

आता १.०१० चा अर्थ काय? किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळते आणि त्यातलं बहुतेक सगळं रक्तात परत ओढून घेते, बाहेर पडते दीड-दोन लिटर. हे जे पहिलं गाळलेलं पाणी, त्याची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी असते १.०१० च्या आसपास. चांगली किडनी पाणी जास्त झालं तर लघवी १.००३ पर्यंत पातळ करते, पाणी कमी पडलं तर १.०३० पर्यंत घट्ट करते. सकाळ-संध्याकाळ, उन्हाळा, उपास, काहीही असलं तरी आकडा १.०१० लाच चिकटून राहिला तर किडनी घट्टही करत नाही आणि पातळही करत नाही. उसाचा रस गुळाच्या काहिलीत ओतला आणि संध्याकाळी रसच परत काढला, असा प्रकार.

रात्रीच्या उठण्याचा हिशोबही यातूनच लागतो. शरीराला रोज युरिया, मीठ वगैरे मिळून साधारण ६०० मिलिऑसमोल (विरघळलेले कण मोजायचं माप) कचरा बाहेर टाकायचा असतो. घट्ट करणारी किडनी लिटरमागे १२०० च्या ताकदीची लघवी करून तो अर्ध्या लिटरमध्ये काढून टाकू शकते. ३०० वर, म्हणजे १.०१० लाच, अडकलेल्या किडनीला त्याच कामाला दोन लिटर लागतात, आणि ते दोन लिटर रात्र-दिवस बघत नाहीत. मेंदूतल्या पिट्युटरीतून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन येतं, ते किडनीच्या शेवटच्या नळ्यांना सांगतं की पाण्याची दारं उघडा आणि पाणी परत घ्या. आतला गाभा खराब झाला की हार्मोन येऊनही उपयोग होत नाही. मामेभाऊ मला म्हणाला होता, पाण्याचा कसला एवढा अभ्यास. पेशींमधल्या या पाण्याच्या दारांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्री यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालंय, एवढा अभ्यास.

वाद झाला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आई माहेरी आली होती, मी तिला पोचवायला गेलो होतो. आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या, सगळी भावकी जमलेली. मी नानांना बाजूला घेऊन म्हटलं, गोळी बंद करा आणि किडनीच्या डॉक्टरला दाखवा. मामेभावाने ऐकलं आणि भर पंगतीत सुरू झाला. क्रिएटिनिन १.४ आहे, रेंज १.४ पर्यंत आहे, रिपोर्टमध्ये एक अक्षर ठळक नाही, हा कशाला घाबरवतो? रात्रीचं उठणं वयाचं आहे, प्रोस्टेट असेल. आणि शेवटी, "तू लॅबवाला शे, डाक्टर नही. आकडा लिख अन् गप बठ."

रेंजचंही ऐका. ती बहुतेक ठिकाणी सगळ्या वयांना एकच छापलेली असते. तालमीतला पंचविशीचा पोरगा आणि ६२ वर्षांचा काटक म्हातारा यांना एकच १.४ कसं लागू होईल? वय घालून हिशोब केला तर नानांचा ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा अंदाज) ५७ च्या आसपास येत होता, आणि ६० च्या खाली तीन महिने राहिला तर त्याला क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतात. क्रिएटिनिन हा आळशी आकडा आहे. निम्मं काम गेलं तरी तो रेंजमध्ये बसून राहू शकतो. आणि आजार किडनीच्या गाळणीत नसून आतल्या नळ्यांत असेल तर अल्ब्युमिनही फारसं सापडत नाही. म्हणजे लोक रिपोर्टमध्ये ज्या दोन गोष्टी बघतात त्या दोन्ही गप्प, आणि जी बोलत असते ती स्पेसिफिक ग्रॅव्हिटीची ओळ कोणी वाचत नाही.

नानांना मामीने नेलं, मुलाने नाही. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या जरा लहान, कडा ओबडधोबड. डॉक्टरांनी गोळ्यांचा इतिहास विचारला आणि पहिल्याच भेटीत पेनकिलर बंद केली. गुडघ्याला शेक, व्यायाम, फारच दुखलं तर पॅरासिटामॉल. उन्हात तहान मारून काम करायचं नाही असंही बजावलं, कारण पाणी वाचवता न येणाऱ्या किडनीचा माणूस जुलाब-उलट्यांत इतरांपेक्षा लवकर सुकतो. आज क्रिएटिनिन १.५ च्या आसपास टिकून आहे. मामेभाऊ हल्ली गिऱ्हाइकांना सांगतो म्हणे, पेनकिलर जपून घ्या. कोणाकडून शिकला ते सांगत नाही.

माझ्या धंद्यातल्या लोकांनाही एक टोला देतो, राग आला तर येऊ द्या. स्पेसिफिक ग्रॅव्हिटीच्या रकान्यात आधीच १.०१५ टाइप करून ठेवलेले रिपोर्टचे साचे मी डोळ्यांनी पाहिलेत. सॅम्पल कोणाचंही असो, आकडा तोच. अशा रिपोर्टवर डॉक्टरने काय वाचावं? एकाच माणसाच्या जुन्या सगळ्या रिपोर्टवर हाच आकडा दिसला तर लॅबला विचारा, मोजलंय की छापलंय.

आणि आमच्या भागात आणखी एक कारण आहे, ते शहरातल्या उत्तरांत तुम्हाला सापडणार नाही. सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल वस्त्यांमध्ये, नंदुरबारकडे तर विशेष, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. किडनीच्या गाभ्यात ऑक्सिजन कमी आणि मीठ जास्त, तिथे या आजारातल्या रक्ताच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्या अडवतात, आणि लघवी घट्ट करण्याची ताकद लहानपणीच जाते. फक्त वाहक असलेल्यांमध्येही ती कमी होऊ शकते. मग पोरगं आठ-दहा वर्षांचं होऊन अंथरूण ओलं करतं आणि मार खातं. मारू नका, आधी रक्त तपासा. १ जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, सरकारी केंद्रात तपासणी होते.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. एका आकड्यावर काहीही ठरत नाही. सकाळी उठून तांब्याभर पाणी रिचवणाऱ्या धडधाकट माणसाची लघवीही पाण्यासारखीच होणार. बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी, प्रोस्टेट, संध्याकाळी पायावर येणारी सूज, रात्री उशिराचा चहा, यानेही उठावं लागतं. शुगर असेल तर लघवी भरपूर होते, पण साखरेमुळे आकडा उलट वर जातो, तो प्रकार वेगळा. लिथियमसारखी औषधं, रक्तातलं पोटॅशियम कमी होणं किंवा कॅल्शियम वाढणं, यानेही घट्ट करण्याची ताकद जाते, आणि त्यातलं बरंच दुरुस्त होतं. वयानेही थोडी कमी होतेच, तेवढं मामेभावाचं खरं. आणि घरी पाणी तोडून प्रयोग करू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. ती तपासणी दवाखान्यात, वजन आणि सोडियम बघत करतात.

तुम्ही करायचं ते असं. रात्री जेवणानंतर नेहमीपेक्षा जास्त पाणी नको, तहान लागली तर मात्र प्यायचंच. सकाळची पहिली लघवी द्या आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी खरंच मोजायला सांगा. १.०२० च्या वर आली तर घट्ट करण्याचं काम चालू आहे, उठण्याचं कारण दुसरीकडे शोधा. परत परत १.०१० आली तर क्रिएटिनिनवरून ईजीएफआर काढून घ्या, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण करा (३० च्या वर असेल तर तेही दाखवायचं), सोनोग्राफी करा आणि किडनीच्या डॉक्टरकडे जा. मी डॉक्टर नाही, मामेभावाने ते पंगतीत जाहीर केलंच आहे, त्यामुळे निदान त्यांच्याकडूनच घ्या.

जाताना वडिलांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. कंबर-गुडघ्याच्या, मेडिकलवाल्याने पुडीत बांधून दिलेल्या, नाव नसलेल्या, सगळ्या. आणि मेडिकलवाला घरचाच असेल तर ती पिशवी त्याच्या समोर भरा.