कायदेविषयक सल्ला : तृतीयपंथी बंदीला कोणत्या बराकीत ठेवायचे, हे कोण ठरवते?

खान्देशातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची धाकटी बहीण तृतीयपंथी आहे. जन्माच्या वेळी तिची नोंद मुलगा म्हणून झाली, परंतु गेली कित्येक वर्षे ती स्त्री म्हणूनच राहते आणि जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेले तृतीयपंथी असल्याचे ओळख प्रमाणपत्रही तिच्याकडे आहे. आधार कार्डावर मात्र जुने नाव आणि ‘पुरुष’ ही नोंद तशीच राहून गेली. महिन्याभरापूर्वी रेल्वेगाडीत दमदाटी करून पैसे घेतल्याच्या तक्रारीवरून तिला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८(२) खाली अटक झाली. आधार कार्ड पाहून न्यायालयाच्या कोठडी वॉरंटवर ‘पुरुष’ असे लिहिले गेले. कारागृहाच्या दारात पुरुष शिपायांनी इतर बंद्यांसमोर तिचे कपडे उतरवून झडती घेतली. पहिल्याच रात्री पुरुषांच्या बराकीत तिच्याशी नको ते प्रकार झाले, आणि तक्रार करताच ‘तुझ्याच सुरक्षेसाठी’ असे सांगून तिला सेपरेट खोलीत एकटीला बंद करण्यात आले. तेव्हापासून ती तेथेच आहे. तिच्या हार्मोनच्या गोळ्या बंद झाल्या आहेत, आणि रक्ताचे नाते नाही या कारणावरून तिच्या गुरूला, म्हणजे तृतीयपंथी समाजातील तिच्या वडीलधाऱ्या व्यक्तीला, मुलाखत (कारागृहातील भेट) नाकारण्यात आली आहे. आईचे एकच म्हणणे ताईंनी जसेच्या तसे कळवले आहे : “ती मनी पोर शे, तिले बायास्मा ठेवा.” (ती माझी मुलगी आहे, तिला बायकांमध्ये ठेवा.) कारागृहाचे नाव ताईंनी दिले आहे, ते येथे देण्याचे कारण नाही.

ताई, आपण आतापर्यंत तीन वेळा तुरुंगाधिकाऱ्यांना भेटलात आणि प्रत्येक वेळी ‘वॉरंटवर पुरुष लिहिले आहे, आमच्या हातात काही नाही’ हेच उत्तर ऐकून परत आलात. हे उत्तर अपुरे आहे, पण अगदीच खोटे नाही. कारागृह अधीक्षक न्यायालयाच्या वॉरंटवर बंदी स्वीकारतो आणि त्यावर जी नोंद असेल ती प्रवेश नोंदवहीत उतरते. आपली बहीण कच्ची कैदी आहे, म्हणजे ती न्यायालयीन कोठडीत आहे आणि ही कोठडी न्यायालयाच्या आदेशाने चालते. त्यामुळे पहिला अर्ज उच्च न्यायालयात किंवा मंत्रालयात न करता ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी वॉरंट काढले त्यांच्याचकडे करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कोठडीची मुदत एका वेळी १५ दिवसांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, म्हणजे पुढची तारीख दूर नसणारच.

आता सरकारचे धोरण काय आहे ते पाहू. कारागृह अधिनियम, १८९४ याच्या कलम २७ मध्ये पुरुष आणि स्त्री बंद्यांना वेगळे ठेवण्याची तरतूद आहे, परंतु तिसऱ्या कोणाचा विचार त्या काळच्या कायद्याने केलेलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या प्रकरणात तृतीयपंथी व्यक्तींची ओळख घटनेच्या अनुच्छेद १४, १५, १९ आणि २१ खाली मान्य केली, आणि ओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदा ठरवले. त्यानंतर आलेला तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ हा १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ मध्ये भेदभावाचे जे प्रकार निषिद्ध केले आहेत त्यांत शिक्षण, नोकरी आणि आरोग्यसेवा यांच्याबरोबरच, ज्या सरकारी वा खासगी संस्थेच्या ताब्यात तृतीयपंथी व्यक्ती असेल तेथे तिला अन्यायकारक वागणूक देणे हाही एक प्रकार आहे. कारागृह ही अशी संस्था नसेल तर मग कोणती असेल, हे मला कळत नाही. वकील मंडळी हे कलम उद्धृत करताना बहुधा नोकरी आणि शिक्षणापाशीच थांबतात. आपल्या अर्जात मात्र ताब्याविषयीचे हे शेवटचे उपकलमच सर्वांत वर असले पाहिजे.

या दोहोंच्या आधारावर केंद्रीय गृह मंत्रालयाने १० जानेवारी २०२२ रोजी सर्व राज्यांना एक मार्गदर्शक पत्र पाठवले. तृतीयपंथी बंद्यांसाठी स्वतंत्र बराक किंवा विभाग असावा, त्यातही पारलिंगी स्त्रिया (जन्माची नोंद पुरुष, पण ओळख स्त्रीची) आणि पारलिंगी पुरुष (याच्या उलट) यांची सोय निरनिराळी असावी, शौचालय आणि न्हाणीघर यांत खासगीपणा जपला जावा, प्रवेश नोंदवहीत स्त्री आणि पुरुष यांशिवाय तृतीयपंथी हा रकाना असावा, असे त्यात सुचवले आहे. झडती बंदीच्या पसंतीच्या लिंगाच्या कर्मचाऱ्याने किंवा प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्याने घ्यावी, कपडे काढण्याची वेळ आलीच तर ते बंद खोलीत किंवा आडोशाला व्हावे, आणि झडतीचा हेतू बंदीचे लिंग ठरवणे हा कदापि नसावा, हेही त्यात आहे. आपल्या बहिणीच्या बाबतीत दारातच जे घडले ते यातील प्रत्येक ओळीच्या विरुद्ध आहे. मात्र या पत्रातील ज्या वाक्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधते ते असे की, स्वतंत्र सोय करताना बंदी पूर्णपणे एकाकी पडणार नाही आणि तिच्यावर सामाजिक कलंक लागणार नाही याची काळजी घ्यावी.

‘हे तर नुसते मार्गदर्शक पत्र आहे, कारागृहे हा राज्याचा विषय आहे,’ असे आपल्याला ऐकवले जाईल. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे ते खरेही आहे, आणि म्हणूनच केवळ या पत्रावर विसंबून अर्ज करू नये. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सर्वांवर बंधनकारक आहे, २०१९ चा अधिनियम संसदेचा आहे. त्या दोहोंचे पालन कारागृहात कसे करावे एवढेच हे पत्र सांगते, अशी मांडणी करावी.

तिला बायकांमध्ये ठेवा, या आईंच्या म्हणण्याचे उत्तर मला थोडे जपून द्यावे लागेल. शस्त्रक्रिया न झालेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांकडून जे प्रमाणपत्र मिळते, त्यावर ‘स्त्री’ असे न लिहिता ‘तृतीयपंथी’ असे लिहिलेले असते. त्यामुळे केवळ प्रमाणपत्र दाखवून महिला विभागाचे दार उघडेल, असे मी सांगणार नाही. महिला बंद्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही न्यायालयासमोर उपस्थित होईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरीही ही मागणी निराधार नाही, आणि तिला बळ देणारा निकाल आपल्याच भागातील आहे. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव जागेवर एका तृतीयपंथी उमेदवाराने भरलेला अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने फेटाळला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ रोजी ‘अंजली गुरू संजना जान विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात तो निर्णय रद्द केला आणि त्यांना स्त्री म्हणून निवडणूक लढवू दिली. त्या निवडूनही आल्या. तो निकाल कारागृहाविषयी नाही, निवडणुकीविषयी आहे, हे सरकारी वकील लगेच दाखवून देतील. पण जी व्यक्ती आयुष्यभर स्त्री म्हणून वावरली तिची ती ओळख सरकारी अधिकाऱ्याने मानली पाहिजे, हे त्यातील सूत्र येथेही लागू पडते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाच्या कक्षेत येत असल्याने येथील न्यायदंडाधिकारी तो निकाल बाजूला सारू शकणार नाहीत.

महिला विभागाची मागणी मान्य होवो अथवा न होवो, आज जे चालू आहे ते एक दिवसही चालू ठेवता येत नाही, हा आपला सर्वांत भक्कम मुद्दा आहे. एकांत कोठडी ही कायद्याने शिक्षा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११ आणि १२ प्रमाणे ती फक्त न्यायालय देऊ शकते, तीही गुन्हा सिद्ध होऊन सक्तमजुरी झालेल्यालाच, आणि तेव्हासुद्धा एका वेळी १४ दिवसांपेक्षा जास्त नाही. सुनील बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच बजावले होते की, कारागृह प्रशासनाला स्वतःच्या अधिकारात कोणालाही अशा एकांतात टाकता येणार नाही. जी व्यक्ती अद्याप दोषी ठरलेली नाही आणि जिने फक्त तक्रार केली, तिला त्याहून दीर्घ काळ एकटीला ठेवायचे आणि त्याला सुरक्षा म्हणायचे, ही शेतात शिरलेली गुरे सोडून राखणदारालाच कोंडण्यासारखी व्यवस्था आहे. तेव्हा स्वतंत्र खोली आणि एकांतवास यांतील फरक अर्जात शक्य तितक्या बारकाईने दाखवा : खोली किती वाजता उघडते, ती इतरांबरोबर जेवते का, अंगणात किती वेळ असते, दिवसभरात कोणाशी बोलते, शौचालय खोलीतच आहे का. ही माहिती तिच्याकडूनच घ्या आणि तारखांसह लिहा.

अर्जातील पहिली मागणी वॉरंटवरील व कारागृहाच्या अभिलेखातील लिंगाची नोंद प्रमाणपत्राप्रमाणे दुरुस्त करण्याची असावी. त्याखाली, तिच्या राहण्याच्या व्यवस्थेबाबत अधीक्षकांचा लेखी अहवाल मागवावा आणि तोपर्यंत तिला महिला विभागात स्वतंत्र खोलीत ठेवून दिवसाच्या वेळी इतर महिला बंद्यांत मिसळू द्यावे, अशी विनंती करावी. तृतीयपंथी बंद्यांची सोय असलेल्या दुसऱ्या कारागृहात हलवण्याची मागणी मी पर्याय म्हणूनसुद्धा घाईने लिहिणार नाही, कारण असे कारागृह लांबचे असेल तर आपली मुलाखत, वकिलाची भेट आणि तारखेला प्रत्यक्ष हजर राहणे ही तिन्ही दुरावतील. मात्र हा निर्णय आपला किंवा आईंचा नाही, आणि माझाही नाही. तिला काय हवे आहे हे तिने स्वतःच्या सहीने लिहून द्यावे आणि तो कागद अर्जाला जोडावा. कित्येक प्रकरणांत घरचे लोक आणि वकील परस्पर ठरवून मोकळे होतात आणि न्यायालयाने बंदीला विचारले की ती वेगळेच सांगते.

पुढच्या तारखेला तिला व्हिडिओद्वारे हजर करणार असतील तर आधीच अर्ज देऊन प्रत्यक्ष हजर करण्याची मागणी करा. व्हिडिओच्या खोलीत कारागृहाचा कर्मचारी बाजूलाच उभा असतो, आणि अशा वेळी झडतीविषयी किंवा पहिल्या रात्रीविषयी कोणीही मोकळेपणाने बोलणार नाही. त्या रात्रीचे आणि झडतीच्या वेळचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा आदेशही याच अर्जात मागा, कारण जुने चित्रण फार काळ राहत नाही. पहिल्या रात्रीच्या छळाबद्दल २०१९ च्या अधिनियमाच्या कलम १८ खाली गुन्हा होऊ शकतो. त्यासाठी किमान ६ महिने आणि कमाल २ वर्षे कारावासाची शिक्षा आहे. (स्त्रीवरील अत्याचाराला जी शिक्षा आहे तिच्यापुढे ही किती तोकडी आहे, यावर बरीच टीका झाली आहे आणि ती योग्यच आहे.) ही तक्रार तिने कारागृहातील कर्मचाऱ्याच्या हाती न देता वकिलामार्फत थेट न्यायालयात द्यावी.

गोळ्यांचे काम त्यामानाने सोपे आहे. ज्या डॉक्टरांनी हार्मोन सुरू केले त्यांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट अर्जाला जोडा आणि कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तिला तपासून उपचार चालू ठेवावेत किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवावे, असा आदेश मागा. बाहेरून आणलेल्या गोळ्या मुलाखतीच्या वेळी लपवून देण्याचा प्रयत्न कृपया करू नका, त्यातून तिच्यावरच कारवाई होईल.

गुरूंना नाकारलेल्या मुलाखतीबाबत कारागृह अधिनियमाचे कलम ४० वाचावे. कच्च्या कैद्याला ज्या व्यक्तींना भेटण्याची इच्छा असेल त्यांच्या भेटीची योग्य निर्बंधांसह सोय करावी, असे ते म्हणते. रक्ताच्या नात्याची अट त्यात नाही. आपल्या बहिणीने भेटावयाच्या व्यक्तींमध्ये गुरूंचे नाव लिहून द्यावे, गुरूंनी स्वतःच्या ओळखपत्रासह लेखी अर्ज करावा आणि नकार आल्यास तोही लेखी मागावा. तोंडी नकार वरच्या न्यायालयात दाखवून देणे अवघड जाते.

वकिलाच्या खर्चाची चिंता आपण लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या कलम १२ प्रमाणे ताब्यात असलेली कोणतीही व्यक्ती मोफत वकील मिळण्यास पात्र आहे आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे प्रमाणपत्राची प्रत घेऊन जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. न्यायदंडाधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला किंवा त्यावर निर्णयच दिला नाही, तर अनुच्छेद २२६ खाली खंडपीठात याचिका करता येईल. त्या वेळी हाच अर्ज, अधीक्षकांचा अहवाल आणि बहिणीचे लेखी म्हणणे हे तीन कागद हाताशी असले पाहिजेत.

या सगळ्यात जामिनाचा अर्ज मागे पडू देऊ नका. कलम ३०८(२) खाली कमाल शिक्षा ७ वर्षांची असल्याने, तिला पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून ६० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे ती हक्काने जामिनावर सुटू शकते. तो हक्क मात्र दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी अर्ज केला तरच टिकतो. एक महिना होऊन गेलेला आहे, म्हणून साठावा दिवस कोणता येतो हे आजच वकिलाकडून मोजून घ्या आणि जामीनदाराचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती आतापासूनच काढून ठेवा.